भंगारातला डबा

दुपारी दोनला भारतची पाळी होती, आणि प्रज्वल पावणेदोनलाच त्याच्या घरी येऊन बसला. हरलेल्या माणसानं दुसऱ्याची लढाई बघायला एवढ्या लगबगीनं जाऊ नये. पण पोटातलं दुखणं माणसाला घरी बसू देत नाही.

आदिलाबादच्या गेमिंग स्पर्धेसाठी टीममध्ये एकच जागा उरली होती. सकाळी प्रज्वल आपल्या घरून ऑनलाइन खेळला. खेळ नेहमीसारखाच अडकत अडकत चालला आणि तो लवकर गारद झाला. टीममधल्यांनी स्पष्ट सांगितलं, भारतही घसरला तरच तुला घेऊ.

भारत त्याचा मावसभाऊ. भीमपुरात दोघांची घरं एकाच गल्लीत. प्रज्वलचे वडील उद्धवराव यांचं बी-बियाण्याचं दुकान, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे कोरा करकरीत गेमिंग कॉम्प्युटर आला. गल्लीतला पहिलाच. तो जोडून दिला होता भारतनंच, एका चहावर. समोरच्या कापसाच्या जिनिंगमधली रुई उडून आत जाऊ नये म्हणून मागच्या खालच्या भोकांवर त्यानं काळी टेपसुद्धा चिकटवली होती. मागं हात लावायचा नाही, असं बजावलंही होतं. खेळ अडकतो अशी तक्रार केली की बिचारा दर वेळी यायचा, धूळ फुंकायचा आणि इंटरनेटला शिव्या घालून जायचा.

आणि आता त्याच भारतनं एक जुना कॉम्प्युटर, नुसता डबाच, घरी आणला होता. आदिलाबादला रिपेरिंगच्या दुकानात काम करता करता त्याला तो मिळाला. कुठल्याशा ऑफिसानं भंगारात काढलेला. त्यानं त्यात रॅम वाढवली, खेळाची चित्रं पडद्यावर पळवणारं सात वर्षांचं जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं. डब्याची एक बाजू गंजलेली, पंखा म्हाताऱ्यासारखा घरघरणारा. खेळ मात्र त्यावर लोण्यासारखा चालायचा.

"सारा खेळ या कार्डाचा हाय," भारत डब्यावर थाप मारून सांगायचा. "बाकी भंगार असलं तरी चालते."

ते ऐकून प्रज्वलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गल्लीतले लोक तर त्याच्या मशीनला सोनुबाईच म्हणू लागले होते. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. ते त्याला फार लागायचं.

भारत तोंड धुवायला मोरीवर गेला. वच्छलामावशी आत चहा टाकत होती. प्रज्वल उठला, डब्यामागे वाकला आणि मॉनिटरची वायर खालच्या भोकातून उपटली. तिचं तोंड चपटं करायचं, म्हणजे संपलं. तेवढ्यात मावशीच्या बांगड्या वाजल्या. घाबरून त्यानं वायर हाताला लागेल त्या भोकात खुपसली. ते वरचं होतं. पडदा पुन्हा उजळला.

"घे बाबू, तुह्या कपात साखर जास्त टाकली," मावशी म्हणाली.

त्यानं कप तोंडाला लावला. पाप करायला गेलो, तेही धड जमलं नाही, असं त्याला वाटलं.

दोन वाजता खेळ सुरू झाला, आणि प्रज्वलला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. भारतचा खेळाडू चिखलात रुतल्यासारखा चालत होता. बंदूक वळवायला क्षण, गोळी सुटायला आणखी एक. अगदी प्रज्वलच्या घरी व्हायचं तसंच. दहा मिनिटांत भारत बाद झाला. टीममधल्यांचा आवाज हेडफोनमधून बाहेर येत होता. ते म्हणत होते, जागा प्रज्वलची.

प्रज्वलच्या मनात उकळ्या फुटल्या. तोंडावर मात्र त्यानं सुतकी कळा ठेवली आणि एक थापही तयार ठेवली: मांजर मागून गेलं असेल.

भारतनं हेडफोन काढला. पंखा पाहिला, डबा हलवून पाहिला, मग मागे वाकला. वायर कुठल्या भोकात आहे ते त्यानं बोटानं चाचपलं.

थाप वापरायची वेळ आलीच नाही. भारत भांडला नाही, ओरडला नाही. उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, आणि त्याला प्रज्वलकडे बघवत नव्हतं.

"फेडलं ना तू," तो हळूच म्हणाला. "ठीक हाय. तवा तुही नवी मशीन पाहून माहं पोट दुखलं होतं. पण येक सांग... तुहीबी वायर मी खालच्या, कार्डाच्या भोकात लावलीच नोती, वरच्यातच ठेवली, दोन वर्सांपासून, हे तुले समजलं कवा?"