सुईचा गुण

"गोळी नको, डॉक्टर. सुई टोचा, म्हंजी मी मोकळा," म्हणत सोपाननं बाही वर सारली. डावा हात त्याला पुरता उचलेना.

अभय डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. एवढं ते सहसा कुणासाठी करत नसत. पिरंगुटच्या कारखान्यांतल्या निम्म्या कंबरा आणि सगळे खोकले याच दवाखान्यात येत. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट होत्या, पण सुई न टोचणाऱ्याला इथं कोणी डॉक्टर म्हणत नसे. अभयनी सुरुवातीला लोकांना समजावून पाहिलं. मग महिनाभर माश्या मारल्यावर त्यांनाच समज आली. तेव्हापासून सुईत नुसतं निर्जंतुक पाणी असे, आणि लोकांना गुण येत असे.

आज पंखा सोपानच्या डोक्यावरच फिरत होता, तरी कपाळावरून घाम ओघळत होता. गळ्यातली नळी डॉक्टरांनी चक्क कानांना लावली, तशी बाकावरची माणसं बोलायची थांबली.

"पित्त हाय," सोपान म्हणाला. "पाळी सुटली की तसाच आलोय."

"पित्तच," डॉक्टर म्हणाले. हृदयाचं नाव काढलं असतं तर गडी तिथंच खचला असता. "ही गोळी आत्ता चावून खा." आणि आत जाऊन त्यांनी हलक्या आवाजात रुग्णवाहिका बोलावली.

बाहेर येतात तो सोपान उंबऱ्यात उभा. गोळी शर्टाच्या खिशात.

"जेवल्यावर घेतो की. आन् सुई देत नसाल तर समोरच्या डॉक्टरकडं जातो."

डॉक्टरांनी मुकाट्यानं पाणी भरलं आणि टोचलं.

"आता आडवा हो. मी येईस्तोवर हलायचं नाही."

"व्हय व्हय."

रुग्णवाहिकेला हात करायला डॉक्टर रस्त्यावर धावले. कंपन्यांच्या बसेस, टेम्पो, सगळं एकमेकांना खेटलेलं. लांबून भोंगा ऐकू आला. इतक्यात पाठीमागून एक मोटारसायकल त्यांना चाटून गेली.

"डॉक्टर, लगीच गुण आला बगा!"

"सोपान! थांब! अरे, ते पाणी होतं!"

सोपान वळणापाशी पोचला होता. भोंग्यात शब्द ऐकू आले नाहीत, तसं त्यानं मागं पाहिलं. डॉक्टर रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात हलवत होते. समोरून रुग्णवाहिका येत होती. तो काय ते समजला. शहाण्या माणसासारखी गाडी त्यानं कडेला घेतली, मागच्या टेम्पोलाही हात करून थोपवलं, रुग्णवाहिकेला वाट करून दिली, आणि किक मारून घरी निघाला.