कानावर पडेपर्यंत

सुरतेच्या अलीकडचा पलसाण्याचा फाटा आला तरी नीलाने फोन चालू केला नाही. पर्सच्या तळाशी, बाळकृष्णाच्या डबीखाली तो तसाच पडून होता. सिंगापूरहून मुंबई, मुंबईहून इथवर. गाडीच्या काचेबाहेर कापडगिरण्यांची धुराडी मागे पडत होती.

“आता तरी चालू कर,” मुकुंद म्हणाला. “काकूला सांगू, आलो म्हणून.”

“घरी गेल्यावर करते. आंघोळ, पूजा होऊ दे.”

“पूजा काय पळून चाललीय?” तो हसला. सुटीत बँकेचे फोन नकोत म्हणून त्याने स्वतःचा फोन घरीच ठेवला होता. नीला सांगेल तेवढीच घरची खबर.

त्याच्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात काकूसाठी घेतलेल्या मऊ चपला. पाय खाली टेकले की तिला फरशी गार लागते, म्हणून दुकानभर फिरून त्याने त्या निवडल्या होत्या. “एक नंबर मोठ्या घ्या, पाय सुजलेले असतात त्यांचे,” असं नीलाच म्हणाली होती. म्हणताना तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

काकू गेल्या असणार. रविवारी सकाळी ती हॉटेलात देव मांडत होती आणि फोन वाजला. कतारगामहून छाया, चुलत जाऊ. नीलाने घेतला नाही. लगेच पुन्हा वाजला. मग पुन्हा. छाया काही परदेशात उगीच एवढे फोन करणारी नव्हे. काकू तर कधीच्या अंथरुणाला खिळलेल्या. आणखी काय असणार?

नीलाने फोन बंद करून टाकला.

तिने वर्षभराच्या अखंड पूजेचा नेम धरला होता. त्यासाठीच बाळकृष्ण विमानातून बरोबर नेला होता. आज घरी नैवेद्य दाखवला की नेम पुरा. सूतक आलं तर देवाला हात लावता येणार नव्हता आणि सगळं वर्ष वाया जाणार होतं. पण कानावर पडेपर्यंत सूतक लागत नाही. हे शास्त्र तिला काकूंनीच सांगितलं होतं, ती नवी नवरी म्हणून सुरतेला आली तेव्हा.

मुकुंद रोज विचारायचा, “काकूचं काही कळलं?”

नीला खोटं बोलणारी बाई नव्हती. “काही कळलं नाही,” म्हणायची. ते खरंच होतं. फक्त बाळकृष्णापुढे हात जोडताना ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सोमवारची कहाणीही तिने तिथेच वाचली. एरवी दर सोमवारी संध्याकाळी ती फोनवरून काकूंना वाचून दाखवायची. त्यांची नजर गेली होती आणि कहाणी ऐकल्याशिवाय त्या उपास सोडत नसत. “ए नीला, तुझं आटपाट नगर आण बाई लवकर, पोटात कावळे ओरडताहेत,” म्हणायच्या. या सोमवारी ऐकायला मुकुंद होता. तो घोरत होता.

पांडेसऱ्यापाशी ड्रायव्हर धर्मेंद्रने मान वळवली. “काका, सीधं अडाजणला घेऊ ना, घरी?”

“नाही रे. आधी कतारगाम.”

“अहो, पारोशा अंगाने?” नीला घाईने म्हणाली.

“काकूला आपलं कसलं सोवळं! चपला पायात घालतो, पाच मिनिटं बसतो, निघतो.”

“आधी घरी चला ना. पाया पडते तुमच्या.”

मुकुंदने चमकून तिच्याकडे पाहिलं. “काय झालंय नीला?”

तोंडाशी आलं होतं. पण ती खिडकीबाहेर बघत राहिली. “काही नाही,” म्हणाली. आयुष्यातलं पहिलं सरळ खोटं.

कतारगामला दाराबाहेर चपलांचा ढीग होता. मुकुंद पायरीवरच थांबला. पिशवी त्याच्या हातात तशीच राहिली. आत भिंतीशी पिठावर ठेवलेला दिवा जळत होता. चुलतभाऊ पराग उठून आला आणि त्याच्या गळ्यात पडला.

नीलाने पदर तोंडाला लावला. रडायचं कसं, हे तिने विमानात ठरवून ठेवलं होतं.

“कधी?” मुकुंदने विचारलं.

“काल सकाळी. तुमचा फोन लागतच नव्हता रे दादा.”

नीलाचा पदर खाली आला. “काल? मग रविवारचे ते फोन?”

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. मुकुंदची मान सावकाश तिच्याकडे वळली.

छायाला त्यातलं काही कळलं नाही. तिने नाक पुसलं. “रविवारी आई उठून बसल्या होत्या, वहिनी. भाकरी मागून खाल्ली. तेच सांगायला करत होते मी. म्हटलं, तुमचा जीव तिकडे टांगणीला लागला असेल.”

मुकुंदने पिशवी हळूच भिंतीशी ठेवली. नीलाने खांद्यावरची पर्स छातीशी धरली. आत फोन होता, त्यावर देव.

“सोमवारी मात्र हट्टाला पेटल्या,” छाया सांगत होती. “कहाणी ऐकल्याशिवाय घास घेणार नाही. मी वाचते म्हटलं, तर नको. फोन उशाशी घेऊन बसून राहिल्या. पुन्हा लावू का, विचारलं, तर माझा हात धरला. म्हणाल्या, ‘नको गं लावू. नीला पूजेला बसली असेल. तिचा नेम मोडायला नको.’”