समुद्र गार करण्याचा अर्ज

रामनवमीच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला गेला आणि तेवढ्यात शालिनीताई घाडींचा फोन वाजला. समुद्र गार करण्याचा त्यांचा अर्ज मंजुरीला आला होता. दूरच्या महासागरातले पंप सुरू झाले, की गुरुवारचा अवकाळी पाऊस देवगडवरून टळणार होता. यंदा नियम एकच नवा होता. त्या गारव्याचा फटका जिथे बसतो, तिथल्या माणसाशी आधी बोलायचं.

पलीकडे तुर्कस्तानातल्या एमिनेबाई होत्या. त्यांचं बोलणं फोनच मराठीत सांगत होता.

"आंबेवाल्या तुम्हीच का? दोन वर्षं तुमचा पाऊस टळतोय आणि आमच्या जर्दाळूचा मोहोर गोठतोय."

शालिनीताईंनी दोन्ही वर्षं नुसती सही केली होती. "यंदा फुललाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कालच. करा सही. नाही म्हणायचा हक्क आम्हाला कुठे आहे?"

मोहोर गेलेलं झाड कसं दिसतं, ते शालिनीताईंना कुणी सांगायला नको होतं. फोन खाली घेऊन त्यांनी बुवांना सगळं सांगितलं.

"अर्ज मागे घेतला तर?" बुवांनी विचारलं.

"तीन दिवसांत बाग उतरवावी लागेल. निम्मा आंबा कोवळा, लोणच्यालाच जाईल. आणि माणसं म्हणाल तर आम्ही दोघंच."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि ते मंडपाकडे वळले. "मंडळी, जन्माचा पाळणा झाला, की उरलेलं कीर्तन घाडींच्या बागेत. घरोघरचे आंबे काढायचे झेले घेऊन या. झाडावर चढेल त्याला टाळी माफ."

शालिनीताईंनी फोन पुन्हा कानाला लावला.

"एमिनेबाई, आम्ही आंबे उतरवतोय. तुमचा मोहोर राहू दे."