जुनं जाळं

पालीच्या कोळीवाड्यातल्या घरामागे वाळणाऱ्या बोंबलांवर कावळे टपले होते, म्हणून वरून टाकायला शालूने सासऱ्यांचं जुनं जाळं कोयतीने कापायला घेतलं, आणि तिथेच चुकली. चाळीस वर्षं होडीवर खलाशांचे प्रमुख, तांडेल असलेले धर्माजी स्मृतिभ्रंशामुळे सुनेला विसरले होते, जाळ्याला नाही. "चोरटे, माजं जाळं कापतेस?" कोयती हिसकावून त्यांनी तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. वार अडवताना तिचा तळवा उभा चिरला. नवरा अमोल वल्हं उगारून बापावर धावला, तोच ती खलाशासारखी ओरडली, "तांडेल, जाळं भरलंय, ओढा!" कोयती गळून पडली. म्हातारा जाळ्याचा दोर ओढू लागला, समोरून तीही. दोर लाल झाला तसा तो थबकला. "पोरी, हात कोनी कापला तुजा? नाव सांग, जित्ता सोडनार न्हाय." अमोलने वल्हं टाकलं. शालूने मूठ मिटली. "दोर लागला, बाबा. ओढा."