बंदाचे लंगोट

इंदुमतीची पहिली दोन्ही बाळं बारशाआधीच गेली होती. आता तिसऱ्याला नवं कापड लावायचं नाही, हसत्या-खेळत्या लेकरांच्या घरून मागून आणलेलंच नेसवायचं, असं सासूबाईंनी ठरवलं. दिवस भरत आले तशा दोघी इंदूरच्या छत्रीबाग मोहल्ल्यात दारोदार फिरल्या. कोणी चौकोनी घडीचे लंगोट दिले, कोणी तिकोनी.

शेवटचं घर अरुंधतीचं. नवऱ्याचं सरकारी दफ्तर उन्हाळ्यापुरतं ग्वाल्हेरहून इंदूरला आलं, तेव्हा तीही आली होती. अंगणातल्या दोरीवर बंदाचे मऊ लंगोट उन्हाला घातलेले होते.

"लेकरू आजोळी ठेवलंय वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

अरुंधती नुसतं हसली.

इंदुमतीने हातातले लंगोट पुढे केले. "यांच्यापेक्षा बंदाचे बरे का हो?"

"हो तर! बाळाने कितीही पाय झाडले तरी सुटत नाहीत."

"मग द्या ना त्यातले दोन-चार, हसत्या-खेळत्या लेकरांचेच घेतोय आम्ही," सासूबाई म्हणाल्या.

अरुंधतीचा चेहरा उतरला. तिने भराभर सगळे लंगोट दोरीवरून काढले आणि छातीशी धरले. "हे नाही देता येणार."

"हद्द झाली बाई! चिंध्याच मागितल्या, सोन्याचा जेवर नाही मागितला." सासूबाई तणतणत पुढे निघाल्या. इंदुमतीलाही वाईट वाटलं. जड पावलांनी ती फाटकापर्यंत आली, तशी अरुंधती मागून आली आणि तिचा हात धरून हळूच म्हणाली,



"रागावू नका ताई. तुम्हाला जगलेल्या लेकराचे हवेत ना?"