चौथीतला जबडा

सरकारी दंत रुग्णालयातल्या नव्या डॉक्टरने खोक्यातून दातांचा प्लास्टरचा साचा काढला आणि तो वैतागला. "बाई, हा दुसऱ्याच कुणाचा तरी आलाय. यात अजून दुधाचे दात आहेत!"

आईने साचा लगेच ओळखला. पुढचे दोन दात तसेच, छपरासारखे बाहेर.

"हिचाच आहे," ती म्हणाली. शेजारी कॉलेजात जाणारी लेक नेहमीसारखी तोंडावर ओढणी धरून बसली होती. "नाव लावलं तेव्हा चौथीत होती हो. आत्ता नंबर लागला."

डॉक्टर नरमला. "जबडा वाढत होता तेव्हाच तार लावायला हवी होती. आता ऑपरेशनच. पण त्यालाही वेटिंग आहे."

"लावा नाव," आई म्हणाली.

लेक टेबलावरच्या त्या चिमुकल्या दातांकडे बघत राहिली. मग ओढणीचं दुसरं टोक ओढून तिने त्यांनाही झाकलं.