नारळ आणि शिट्टी

"बघ, डाव संपल्याची शिट्टी आधी वाजली, तू नंतर शिवलीस." दिवाळीला माहेरी आल्या की वन्सं ती सीडी लावायच्याच. लग्नाआधी खो-खोच्या फायनलला आम्ही दोघी समोरासमोर होतो. पंचांनी त्यांना बाद दिलं, पण व्हिडिओ त्यांच्या बाजूने होता.

यंदा लेकीने मूळ टेप कॉम्प्युटरवर घेतली. मैदानपूजेचा नारळ फुटायच्या आधीच त्याचा आवाज आला. "आई, आवाजच पुढे पळतोय गं." नारळाशी जुळेपर्यंत तिने तो मागे सरकवला. शेवटच्या टाळ्याही जुळल्या.

मग सगळ्यांसमोर फायनल लावली. माझा हात वन्संच्या पाठीवर पडला आणि त्यानंतर शिट्टी वाजली.

वन्सं उठून स्वयंपाकघरात गेल्या. सव्वीस वर्षांत माहेरी त्यांनी केलेला तो पहिला चहा. मी अगदी सावकाश प्यायले.